उरलेली उंची



स्मृतिव्याख्यानासाठी वक्त्याने एखादा भव्य विषय घ्यावा असा प्रघात आहे. मी दोन अगदी लहान जीव घेतले आहेत. दोघांना एकत्र तराजूत ठेवले तरी पाव किलो भरणार नाही. पहिला आहे अमेरिकी पायका. उत्तर अमेरिकेच्या पश्चिमेला रॉकी, कॅस्केड, सिएरा नेवाडा अशा पर्वतरांगा आहेत. तिथे कड्यांवरून कोसळलेल्या दगडांचे मोठमोठे ढिगारे साचलेले असतात आणि त्या दगडांच्या फटींत हा राहतो. गोत सशाचे, पण कान गोल आणि आखूड, शेपूट जवळजवळ नाहीच, त्यामुळे प्रथम पाहणाऱ्याला गुबगुबीत उंदीरच वाटतो. त्याचे भाऊबंद आपल्या हिमालयातही आहेत. तुंगनाथच्या वाटेवर दगडांतून डोकावून क्षणात नाहीसा होणारा तो तपकिरी, बिनशेपटीचा प्राणी महाराष्ट्रातून जाणाऱ्या कितीतरी यात्रेकरूंनी आणि ट्रेकरांनी पाहिलेला असतो, फक्त नाव ठाऊक नसते. दुसरा जीव आहे अकिकिकी. प्रशांत महासागरात हवाई नावाचा द्वीपसमूह आहे, त्यातल्या कवाई बेटावरचा हा पक्षी जगात दुसरीकडे कुठेही नाही. पाठ राखाडी, पोट पांढुरके, चोच गुलाबी, आकार चिमणीहून लहान. खोडांवरून आणि फांद्यांवरून सरकत सालीच्या फटींतले किडे तो टिपत असतो.

हवामानबदलाची चर्चा निघाली की असे जीव एकाच चित्रात बसवले जातात. पृथ्वी तापते आहे, गारव्याची सवय असलेले प्राणी डोंगर चढत वर सरकताहेत, एक दिवस शिखर येईल आणि पुढे जायला जागा उरणार नाही, असे ते चित्र. त्याला सरकत्या जिन्याची उपमा देतात. ऐकताक्षणी पटावे असे हे चित्र आहे आणि त्यात तथ्यही आहे. पण पायका आणि अकिकिकी यांना शेजारी शेजारी ठेवून नीट पाहिले की ते अपुरे पडते. दोघांनाही उष्णतेपासून धोका आहे, मात्र ती दोघांपर्यंत अगदी वेगळ्या वाटांनी पोहोचते. ती वाट ओळखली नाही तर आपण एकाला नको ती मदत देऊ आणि दुसऱ्याला हवी ती द्यायला उशीर करू. अकिकिकीच्या बाबतीत हा उशीर बहुतेक होऊनच गेला आहे, म्हणून हा विषय मला तातडीचा वाटतो.

आधी पायकाकडे पाहू. पायका शीतनिद्रा घेत नाही. आठ-नऊ महिने बर्फाखाली गेले तरी तो दगडांच्या पोटात जागाच असतो आणि खात असतो. त्यासाठी लागणारा चारा त्याला उन्हाळ्याच्या थोडक्या आठवड्यांत गोळा करावा लागतो. ढिगाऱ्यालगतच्या कुरणातून तोंडात मावेल तेवढे गवत, फुलांसकट डहाळ्या घेऊन तो धावत येतो, ठरलेल्या दगडाखाली टाकतो आणि पुन्हा धावतो. आपल्याकडे शेतकरी पावसाळ्यापूर्वी कडब्याची गंज रचतो, तशीच ही त्याची गंज. कोलोरॅडोतल्या निवॉट रिजवर या गंजींचा बारकाईने अभ्यास झाला आहे. तिथला पायका अल्पाइन एव्हन्स नावाची एक वनस्पती गंजीसाठी मुद्दाम तोडतो, पण उन्हाळ्यात ती खात नाही. तिच्यात फिनॉल जातीची कडू, अपायकारक द्रव्ये असतात. त्या द्रव्यांमुळे गंज कुजत नाही. महिने सरतात तशी द्रव्ये कमी होत जातात, आणि बाकीचा चारा संपत आला की पायका ती वनस्पती खाऊ लागतो. मुरवून ठेवायचे लोणचे कुठले आणि आज वाढायची भाजी कुठली, हा हिशेब दीडशे ग्रॅमच्या त्या जिवाला बरोबर जमतो.

या जिवाचे शरीर मात्र उष्णतेला फार नाजूक आहे. त्याच्या शरीराचे तापमान एरवीच चाळीस अंश सेल्सिअसच्या आसपास असते आणि त्यावर तीनेक अंश चढले की तो मरतो. दाट केसांमुळे अंगातली उष्णता बाहेर पडत नाही. १९७० च्या दशकात अँड्र्यू स्मिथ या प्राणिशास्त्रज्ञाने कॅलिफोर्नियातल्या बोडी या उजाड खाणगावात पायकांचा अभ्यास केला. तिथे सोन्याच्या खाणींतून काढलेल्या दगडमातीच्या ढिगांवर पायकांनी वस्ती केली होती. पिंजऱ्यात ठेवलेले, दगडांखाली जाऊ न शकणारे पायका साडेपंचवीस अंशांसारख्या, आपल्याला सुखद वाटणाऱ्या तापमानातही दगावले. तेवढ्याच किंवा त्याहून कडक उन्हात मोकळे पायका मात्र जगत होते, कारण दुपार झाली की ते दगडांखाली जात आणि संध्याकाळी बाहेर येत. हवेचे तापमान तेच असूनही एक जगतो आणि दुसरा मरतो. फरक पडतो तो पायाखालच्या दगडांमुळे. पुढे सांगायच्या गोष्टीसाठी हा पिंजरा लक्षात ठेवावा.

दगडांच्या ढिगाऱ्याची अंतर्गत रचना विहिरीसारखी असते. वर ऊन तापत असले तरी दोन-तीन हात खाली थंड हवा साचून राहते, काही ठिकाणी उन्हाळाभर बर्फही टिकतो. हिवाळ्यात उलटे घडते. वर साचलेला बर्फ गोधडीसारखे काम करतो आणि आतला गारठा जीवघेणा होऊ देत नाही. त्यामुळे वाढत्या तापमानाचा पायकावर होणारा एक परिणाम पहिल्यांदा ऐकताना विचित्र वाटतो: हिवाळा ऊबदार झाला की पायका थंडीने मरू शकतो. बर्फ कमी पडला किंवा लवकर वितळला की अंगावरची गोधडी निघून जाते, आणि मग एखाद्या रात्रीचा कडाका थेट फटींपर्यंत पोहोचतो. नेवाडा आणि शेजारच्या राज्यांत पसरलेल्या ग्रेट बेसिन या कोरड्या, डोंगरांनी भरलेल्या प्रदेशात एरिक बीव्हर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पायकांच्या पंचवीस जुन्या ठिकाणांची पुन्हा पाहणी केली. विसाव्या शतकाच्या अखेरीस त्यातल्या सुमारे पाव ठिकाणी पायका उरला नव्हता, आणि पुढच्या दशकात आणखी काही ठिकाणे ओस पडली. कारणे तपासताना उन्हाळ्याच्या सरासरी उष्म्याबरोबर बर्फाविना सोसाव्या लागणाऱ्या थंडीचाही संबंध दिसला. नुसत्या उंचीवरून हे कोडे सुटले नसते.

पायकाला आपण डोंगरी प्राणी म्हणतो, पण तो कायम इतक्या उंचीवर राहिलेला नाही. डोनाल्ड ग्रेसन यांनी ग्रेट बेसिनमधल्या प्राचीन हाडांच्या नोंदी एकत्र केल्या. हिमयुगाच्या उत्तरार्धात हे प्राणी सरासरी १,७५० मीटरच्या आसपास राहत असत. आज त्याच प्रदेशात त्यांची वस्ती सरासरी अडीच हजार मीटरच्या आसपास आहे. हवा तापत गेली, खालची वस्ती विझत गेली आणि वरची टिकली. म्हणजे शिखर हे त्याने निवडलेले घर नव्हते. पूर आल्यावर गावातला उंचवटा तेवढा पाण्याबाहेर राहावा तशी ती उरलेली जागा आहे. हे सारे व्हायला हजारो वर्षे लागली, आणि त्या हजारो वर्षांत माणसाचा हात जवळपास नव्हता. पायका आणि अकिकिकी यांच्यातला पहिला मोठा फरक इथेच आहे.

हवाईच्या पक्ष्यांची सुरुवात एका पाहुण्यापासून झाली. काही दशलक्ष वर्षांपूर्वी आशियातल्या रोझफिंच कुळातले काही पक्षी वाट चुकून किंवा वादळात सापडून या बेटांवर आले. त्यांच्यापासून पन्नासहून अधिक जाती निर्माण झाल्या. त्यांना हनीक्रीपर म्हणतात. कुणाची चोच फुलातला मध ओढण्यासाठी कोयत्यासारखी वाकडी झाली, कुणाची बिया फोडण्यासाठी पोपटासारखी जाड झाली, अकिकिकीची सालीतले किडे उचकायला सरळ आणि आखूड राहिली. उत्क्रांतीची इतकी सुंदर उदाहरणे जगात फार थोडी असतील. त्या पन्नासपैकी आज सतरा जाती उरल्या आहेत, आणि ज्या उरल्या त्यांतल्या बहुतेक डोंगरावर उंच, दमट, थंड रानांत राहतात. म्हणून त्यांनाही डोंगरी पक्षी म्हणण्याची सवय पडली. स्टॉर्स ओल्सन आणि हेलन जेम्स यांनी समुद्रकाठच्या वाळूच्या टेकड्या, चुनखडीतले खड्डे आणि लाव्हाच्या गुहा तपासल्या तेव्हा त्यांत याच कुळातल्या पक्ष्यांची असंख्य हाडे सापडली. ही रानपाखरे एकेकाळी किनाऱ्यापर्यंत होती. आधी पॉलिनेशियन वसाहतींत सखल रान तोडले गेले आणि उंदीर आले. मग युरोपीय आणि अमेरिकी लोकांबरोबर गुरे, डुकरे आणि शिकारी प्राणी आले. पण उरल्यासुरल्या सखल रानातूनही पक्षी नाहीसे होत गेले, त्याचे कारण आणखी वेगळे होते, आणि ते बराच काळ कुणाच्या ध्यानात आले नाही.

१८२६ पर्यंत हवाईत डास नव्हते. त्या वर्षी ‘वेलिंग्टन’ नावाचे जहाज माउई बेटावरच्या लाहायना बंदरात लागले, आणि त्याच्या पाण्याच्या पिंपांतून डासांच्या अळ्या किनाऱ्यावर उतरल्या अशी नोंद आहे. तो डास क्युलेक्स क्विन्केफॅशिएटस. हे नाव परके वाटले तरी हा डास आपल्याला परका नाही. विदर्भात हत्तीरोग पसरवणारा डास तोच. पुढे पक्ष्यांचा मलेरिया आला, बहुधा बाहेरून आणलेल्या पिंजऱ्यातल्या पक्ष्यांबरोबर. इथे भारताचा एक दुवा सांगायलाच हवा. हवाईची रानपाखरे मरत होती त्याच काळात, १८९८ मध्ये, कोलकात्याच्या प्रयोगशाळेत रोनाल्ड रॉस चिमण्यांवर काम करत होते. डास मलेरिया पसरवतो हे त्यांनी माणसावर नव्हे, पक्ष्यांवर सिद्ध केले. डासाच्या लाळग्रंथीत परजीवी दिसला, त्या डासाने चावलेल्या निरोगी चिमण्या आजारी पडल्या. त्यांनी वापरलेला राखाडी डास आणि तो परजीवी, दोन्ही त्याच जातीचे, ज्यांनी हवाईची राने रिकामी केली. १९०२ चे नोबेल पारितोषिक मिळवून देणारे ते ज्ञान हवाईच्या पक्ष्यांच्या कामी यायला मात्र आणखी साठ-सत्तर वर्षे लागली. आपली साळुंकीही १८६० च्या दशकात शेतातल्या अळ्या मारण्यासाठी भारतातून हवाईत नेली गेली आणि आज तिथल्या गावागावांत आहे. आपल्याकडचे पक्षी या रोगाबरोबर पिढ्यान् पिढ्या राहिलेले आहेत, त्यांच्या शरीराला तो ओळखीचा आहे. हवाईच्या पक्ष्यांनी मात्र लाखो वर्षांत डासच पाहिला नव्हता. इइवी या लालभडक हनीक्रीपरला मलेरियाच्या डासाने एकदा चावणे पुरेसे असते. प्रयोगांत दहापैकी नऊ पक्षी दगावले.

ही गोष्ट स्पष्टपणे पुढे आली ती रिचर्ड वॉर्नर यांच्या १९६८ च्या लेखाने. त्यांनी डास नसलेल्या लेसान बेटावरचे फिंच पक्षी सखल भागात आणून पिंजऱ्यांत ठेवले. बारीक जाळीच्या आत असलेले जगले, उघड्या पिंजऱ्यात रात्री डासांच्या तावडीत सापडलेले मेले. आता बोडीच्या पिंजऱ्याची आठवण करावी. पिंजऱ्यातल्या पायकाला दगड मिळाला नाही म्हणून तो मेला. पिंजऱ्यातल्या पक्ष्याला जाळी मिळाली म्हणून तो वाचला, बाहेरची हवा मात्र तीच, तेवढीच उबदार राहिली. सखल भागातल्या उष्णतेने पक्ष्याचे काहीच बिघडत नव्हते. माझ्या दृष्टीने या दोन पिंजऱ्यांत साऱ्या विषयाचे मर्म आहे. पायकाला उष्णता स्वतः मारते. अकिकिकीला मारणारा दुसराच आहे, उष्णता फक्त त्याच्यासाठी दार उघडते.

ते दार कसे उघडते हेही पाहू. पक्ष्यांच्या मलेरियाचा परजीवी डासाच्या पोटात वाढतो, आणि त्या वाढीला ऊब लागते. तेरा अंशांच्या खाली ती वाढ थांबते. म्हणून डोंगरावर साधारण दीड हजार मीटरच्या वर रोग फारसा पोहोचत नसे. ती अदृश्य रेषा होती आणि तिच्यावरच्या रानात पक्षी उरले होते. रानात डासाला अंडी घालायला साचलेले पाणी लागते, आणि ते करून देतात रानटी झालेली डुकरे. हवाईच्या ओल्या रानात हापू नावाची झाडाएवढी नेची असते. तिच्या खोडात पिठूळ गाभा असतो. डुकरे खोड पाडतात, गाभा खातात आणि मागे एक पोकळ डोणी उरते. पावसाने ती भरते, आणि थोड्याच दिवसांत त्यात अळ्या वळवळू लागतात. एका डुकराची एक न्याहारी म्हणजे डासांचे एक पाळणाघर. कवाई बेटाचे दुर्दैव असे की त्याचे सर्वोच्च शिखर, कवाईकिनी, १,५९८ मीटरच आहे, आणि अकिकिकीचे रान अलाकाई नावाच्या पठारावर त्याहूनही खाली आहे. म्हणजे संरक्षक रेषेच्या वर या बेटाजवळ जवळजवळ काहीच नव्हते. थोडे तापमान चढले आणि रेषा पठाराच्या वर निघून गेली. १९९० च्या दशकापासून पुढच्या दोन दशकांत त्या पठारावर मलेरियाचे प्रमाण दुपटीहून वाढल्याचे आढळले. २०१२ मध्ये अकिकिकी सुमारे ४६८ असल्याचा अंदाज होता. २०२१ मध्ये तो ४५ वर आला. २०२३ मध्ये रानात पाचच पक्षी ठाऊक होते. दहा-अकरा वर्षांत साडेचारशेवरून पाच. पायकाच्या हजारो वर्षांच्या माघारीपुढे हा आकडा ठेवला की दोन संकटांचा वेग किती निराळा आहे ते कळते.

यावर पहिला आक्षेप येतो तो असा की मुळाशी कार्बन वायूच आहे. तो आटोक्यात आणला की दोघेही वाचतील, मग वाटा वेगळ्या करून काय मिळते? मुळाशी कार्बन आहे हे मलाही पूर्ण मान्य आहे आणि तो कमी करण्याला पर्याय नाही. पण उद्या सकाळी साऱ्या जगातली धुराडी थांबली तरी आजवर हवेत गेलेला वायू दशके, शतके तिथेच राहणार आहे. अकिकिकीकडे तेवढी वर्षे नाहीत. पायकाकडे अनेक ठिकाणी अजून आहेत. ज्याला उष्णता थेट मारते त्याच्यासाठी उष्णता रोखणे हाच खरा उपाय आहे. दगडांच्या जागा खाणींपासून आणि रस्त्यांपासून राखणे आणि बर्फाचा, पाण्याचा हिशेब ठेवणे एवढीच त्याला जोड देता येते. ज्याला उष्णतेच्या पाठीमागून येणारा डास मारतो त्याच्यासाठी मधल्या डासालाच अडवता येते, आणि तेही आज. संकटाचे मूळ एकच असले तरी या कारणासाठी मला दोन स्वतंत्र उपाय हवे आहेत.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे, आणि तो पुराव्यानिशी येतो. जीव बदलतात, जुळवून घेतात, असे तो सांगतो. ओरेगनमध्ये कोलंबिया नदीच्या घळीत पायका समुद्रसपाटीपासून थोड्याच उंचीवर राहतात. पाठ्यपुस्तकांच्या मते तिथे ते असायलाच नकोत. जोहाना व्हार्नर आणि डेनिस डिअरिंग यांनी तिथे पाहिले तेव्हा हे पायका निम्म्याहून अधिक आहार शेवाळाचाच घेत असल्याचे दिसले. इतका निकस आहार घेऊन जगणारा सस्तन प्राणी विरळाच. शेवाळ दगडांवरच, सावलीत, दाराशी मिळते, त्यासाठी उन्हात कुरणापर्यंत धावावे लागत नाही, आणि त्याच शेवाळाच्या जाड थराने दगडांखालची हवा थंड राहते. पक्ष्यांतही असे उदाहरण आहे. हवाई द्वीपसमूहातल्या हवाई याच नावाच्या बेटावर अमाकिही नावाचा हिरवा-पिवळा हनीक्रीपर सखल भागात, मलेरिया सर्रास असतानाही टिकला, किंबहुना वाढला. त्याच्या त्या वस्तीत रोग सोसण्याची शक्ती आलेली दिसते. मग अकिकिकीलाही वेळ दिला तर तेच घडणार नाही का?

दोन्ही उदाहरणे मला आनंद देणारी आहेत, पण त्यांतून काढलेला निष्कर्ष चुकीचा आहे. घळीतला पायका उष्णता सोसायला शिकलेला नाही. त्याने उष्णता टाळणारी एक जागा शोधली आहे, दाट सावली, धुके आणि शेवाळ असलेली. ग्रेट बेसिनच्या कोरड्या ढिगाऱ्यावर ते शेवाळ नाही. तिथल्या पायकाला घळीतल्या भावंडाचे शहाणपण उपयोगाचे नाही. अमाकिहीचे म्हणाल तर त्याची संख्या मोठी होती. हजारो पक्षी मेले, त्यात ज्यांना जन्मतः थोडी प्रतिकारशक्ती होती ते राहिले आणि त्यांची पिल्ले वाढली. नैसर्गिक निवड हे काम करू शकते, पण त्यासाठी तिला मोठ्या संख्येचे भांडवल लागते. साडेचारशे पक्ष्यांत, वर्षाला फार थोडी अंडी घालणाऱ्या जातीत, दहा वर्षांत हे घडण्याची आशा धरणे म्हणजे रिकाम्या पोत्यातून बियाणे निवडण्यासारखे आहे. अमाकिहीचा पुरावा असे सांगतो की पक्षी भरपूर असताना रोगाला थोडे थोपवले तर बदलाला संधी मिळते. म्हणून तो हस्तक्षेपाच्या बाजूचा पुरावा आहे, स्वस्थ बसण्याच्या बाजूचा नाही.

तिसरा आक्षेप पायकाच्या बाजूने घेतला जातो. २००७ मध्ये अमेरिकेत पायकाला संकटग्रस्त प्राण्यांच्या कायद्याखाली संरक्षण मिळावे अशी मागणी झाली. २०१० मध्ये तिथल्या मत्स्य व वन्यजीव सेवेने ती फेटाळली, कारण पुष्कळ ठिकाणी पायका टिकून राहू शकेल असे तिला दिसले. तेव्हा, हवामानबदलाचा गाजावाजा अतिरंजित होता, असा सूर काही जण लावतात. मला तो निर्णय वाचताना वेगळे दिसते. दगडांच्या पोटातले गारवे आणि पायकाचे वागणे यांचा हिशेब त्यात धरला गेला आणि सर्वत्र एकच निकाल लागत नाही हे मान्य झाले. बोडीतले दक्षिणेकडचे ढीग ओस पडले, उत्तरेकडच्या मोठ्या वस्तीत पायका राहिले. टाहो सरोवराच्या उत्तरेला एका मोठ्या पट्ट्यातून ते नाहीसे झाले. पायका ही जात आज संपत नाही, तिचे तुकडे गळत आहेत, हे खरे वर्णन. ते कमी भयानक आहे म्हणून खोटे ठरत नाही. पण सरकत्या जिन्याचे चित्र ज्याने डोक्यात पक्के केले, त्याला एक तर सारे संपले असे वाटते नाही तर काहीच झाले नाही असे. मधले खरे त्याला दिसत नाही. आणि याच ढोबळपणाचा फटका अकिकिकीला बसला. डोंगरावर आहेत तोवर सुरक्षित आहेत, असे फार वर्षे मानले गेले.

उंचीवर भरवसा ठेवण्याची किंमत माउई बेटावरही मोजावी लागली. तिथे किविकियू नावाचा, पोपटासारख्या चोचीचा हनीक्रीपर दीडशेच्या आसपास उरला आहे. २०१९ मध्ये हालेआकाला ज्वालामुखीच्या दुसऱ्या उतारावर, नव्याने लावलेल्या उंचावरच्या रानात काही पक्षी नेऊन सोडले. जागा सुरक्षित रेषेच्या वर मानली गेली होती. काही आठवड्यांतच जवळजवळ सगळे मलेरियाने मेले. रेषा आधीच वर सरकलेली होती. काम करणाऱ्यांच्या निष्ठेत काही उणे नव्हते, पण उंचीवर ठेवलेला विश्वास जुना झाला होता.

आता डासालाच अडवण्याबद्दल. डासांच्या पेशींत वोल्बाकिया नावाचे जिवाणू नैसर्गिकरीत्या असतात. नराच्या आणि मादीच्या अंगातले वाण जुळले नाहीत तर मादीची अंडी उबत नाहीत. हवाईतल्या डासांपेक्षा वेगळा वाण असलेले नर प्रयोगशाळेत वाढवून रानात सोडायचे, म्हणजे रानातल्या माद्यांची अंडी वाया जातात आणि डासांची संख्या उतरते. नर डास चावत नाहीत. नोव्हेंबर २०२३ पासून माउईच्या रानावर हेलिकॉप्टरमधून असे नर सोडायला सुरुवात झाली, पुढे कवाईवरही. यालाही विरोध झाला. निसर्गात आणखी ढवळाढवळ करू नये, परिणाम ठाऊक नाहीत, असे म्हणणाऱ्या काही स्थानिकांनी वाद न्यायालयापर्यंत नेला. त्यांची भीती मी हलकी मानत नाही, कारण हवाईचा इतिहासच चांगल्या हेतूने आणलेल्या प्राण्यांच्या उपद्रवाने भरला आहे. साळुंकी अळ्यांसाठी आणली, मुंगूस उंदरांसाठी आणले. पण इथे नवा जीव येत नाही. जो डास दोनशे वर्षांपूर्वी नव्हता त्याची संख्या कमी होते, त्याच्यावर जगणारा कोणताही मूळ हवाईचा जीव नाही, आणि नर सोडणे थांबवले तर डास पुन्हा वाढतात, म्हणजे चूक झाली तर मागे फिरता येते. साळुंकीबद्दल आणि मुंगसाबद्दल असे म्हणता आले नसते. काही न करण्याला निर्दोष मानणे मला पटत नाही, कारण काही न करण्याचा परिणाम आकड्यांत आपल्यापुढे आहेच. ऑक्टोबर २०२३ मध्ये अमेरिकी सरकारने एकवीस जाती नामशेष झाल्याचे जाहीर केले, त्यात आठ हवाईचे पक्षी होते. त्यातला पोओउली १९७३ मध्ये प्रथम सापडला होता, आणि २००४ मध्ये शेवटचा ज्ञात पक्षी पिंजऱ्यात मेला. ओळख होऊन एकतीस वर्षे झाली होती.

अकिकिकीचे पन्नासच्या आसपास पक्षी आज हवाई आणि माउई बेटांवरच्या संवर्धन केंद्रांत आहेत. २०१५ पासून अलाकाईच्या रानात ओहिया नावाच्या झाडांच्या उंच शेंड्यांपर्यंत लांब शिड्या लावून घरट्यांतली अंडी उतरवली गेली, ऊबयंत्रात उबवली गेली, त्यातून ही वस्ती उभी राहिली. ऑगस्ट २०२३ मध्ये माउईवर भीषण वणवे लागले, तेव्हा आग केंद्राच्या अगदी जवळ आली होती. कर्मचाऱ्यांनी आणि एका शेजाऱ्याने बागेच्या नळ्यांनी ती थोपवून धरली. ते पक्षी डासांपासून बंद केलेल्या पिंजऱ्यांत राहतात. वॉर्नर यांनी ज्या जाळीने पक्ष्यांना कशाने मरण येते ते सिद्ध केले, तीच जाळी आता या जातीचे अख्खे घर झाली आहे. केंद्रातल्या पिंजऱ्यांत ते फांद्यांवरून सरकत सालीच्या फटी चाचपतात. अलाकाईच्या पठारावर पावसाळी ढग रोजच्यासारखे उतरतात, हापूच्या पोकळ खोडांत पाणी साचते, आणि ते पाणी डासांशिवाय राहील तेव्हाच पिंजऱ्याची दारे उघडता येतील.